उजवं पान कोरं ठेवायचं

जानेवारीतल्या त्या गुरुवारी सकाळी मी समितीच्या नव्या रजिस्टरला खाकी कागदाचं कव्हर घालत होते. हे काम मला आवडतं. चारही कोपरे सारखे दुमडले गेले की मनाला बरं वाटतं. तिसऱ्या कोपऱ्यावर आले होते तेव्हा फोन वाजला. रामजतनचा होता. रामजतन म्हणजे महुआतर गावातला बी-बियाण्यांचा दुकानदार आणि आमच्या ग्राम इतिहास समितीचा मंत्री, म्हणजे चिटणीस. रविवारच्या बैठकीसाठी भाऊजींना न्यायला किती वाजता यायचं, हे विचारायला तो शहरात आला असताना दुर्गाघाटावर त्यांच्या खोलीवर गेला होता. "अम्माजी," तो म्हणाला आणि थांबला. मागे कुणीतरी घाईने जिना उतरत होतं, पावलं ऐकू येत होती. "अम्माजी, मास्टर साहब कुर्सी पर ही हैं... चाय सामने रखी है।" फोन ठेवला, चौथा कोपरा दुमडला, आणि मग मला उठता येईना.

तन्मय, ओवी, तुमचे अण्णाआजोबा असे गेले. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणून माझे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी, आणि पंचावन्न वर्षांत त्यात काही बदल झाला नाही. शहात्तर वर्षांचे होते. त्रास झाला नसावा असं डॉक्टर म्हणाले. चहा अर्धा प्यालेला होता. दुपारी गल्लीतली माणसं त्यांना मणिकर्णिकेवर घेऊन गेली. आमच्याकडे बायका जात नाहीत, मी त्यांच्या खोलीच्या खिडकीतून गल्लीच्या वळणापर्यंत पाहत राहिले. नंतर तुमचा फोन आला तेव्हा ओवीने विचारलं, "आजी, अण्णाआजोबा नक्की काय करायचे? हिस्टोरियन होते का?" मी जन्मभर शाळेत मुलींना इंग्रजी शिकवलं, एका वाक्यात उत्तर द्या असं त्यांना बजावत राहिले, आणि मला स्वतःला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवेल. मध्ये मध्ये हिंदी येईल, पण ती अडायची नाही. तिचं लहानपण याच गल्ल्यांमध्ये गेलं आहे.

भाऊजी इतिहास शिकवायचे. काशीतल्याच एखाद्या शाळेत चिकटतील असं घरात सगळे धरून चालले होते, आणि त्यांनी अर्ज केला राजघाटच्या पुलापलीकडे, तासाभराच्या वाटेवर असलेल्या महुआतरच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत. "तिथे कोण मराठी बोलणार तुझ्याशी?" सासूबाईंनी विचारलं. "इथे तरी कोण बोलतं? मी मराठीत विचारतो, दादा हिंदीत उत्तर देतो," भाऊजी म्हणाले. ते खरंच होतं. आमच्या घरात मराठी स्वयंपाकघरापासून निघायची आणि दिंडीदरवाज्याशी पोचेपर्यंत तिची हिंदी व्हायची.

पहिल्या दिवसाची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पावसाळा सरत आला होता. भाऊजींनी नवी हिरवी सायकल गल्लीतून हाताने ढकलत बाहेर काढली, तेव्हा मी दारात उभी होते. पॅंटला चिखल लागू नये म्हणून दोन्ही पाय घोट्यापाशी सुतळीने बांधलेले, मागे कॅरिअरवर सासूबाईंनी दिलेला पोह्यांचा डबा. गावात शिरले तेव्हा पोरं म्हणे मागे धावत सुटली, "नया मास्टर! हरियर साइकिल!" सासूबाई ही गोष्ट आल्यागेल्याला सांगत. सांगताना सुतळी कशी बांधली होती ते स्वतःच्या पदराने करून दाखवत. भाऊजी शेजारी बसून ऐकत आणि काही बोलत नसत.

त्या गावात त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्तीच्या दिवशी हार झाले, भाषणं झाली, आणि शेवटी एक जुना विद्यार्थी उठला. त्याचे स्वतःचे केस तोवर पिकले होते. तो म्हणाला, "मास्टर साहब, आपने हमको सारे राजा पढ़ाए। किसने कौन-सी सड़क बनवाई, सब याद है। बस हमारे गाँव में क्या हुआ, वो कभी नहीं बताया।" सगळे हसले. भाऊजीही हसले, पण घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. दोन महिन्यांनी महुआतरच्या प्राथमिक शाळेच्या अंगणात समितीची पहिली बैठक भरली.

मी त्यात आले ती तुमचे आजोबा गेल्यानंतर. महिना-दीड महिना झाला असेल. भाऊजी एक जाडजूड रजिस्टर घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, दिक्कत झाली आहे. समितीचं इतिवृत्त लिहायला कुणाचंच अक्षर धड नाही. तुम्ही याल का, महिन्यातून एक रविवार?" गावात तीन जणांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं हे मला पुढे कळलं. तेव्हा खरंच वाटलं होतं.

पहिल्याच बैठकीत आमचं वाजलं. मी डावीकडून उजवीकडे सलग लिहीत गेले, तर भाऊजींनी पान हाताने झाकलं. "उजवं पान कोरं ठेवायचं, वहिनी."

"म्हणजे अर्धं रजिस्टर वाया?"

"वाया का? डाव्या पानावर जो बोलला त्याचं. उजव्यावर बाकीच्या गावाचं."

मग त्यांनी मला समितीची रीत सांगितली. इतर ठिकाणी सभा सुरू होते ती स्वागताने, हारतुऱ्यांनी. इथे सुरुवात व्हायची भूल-सुधाराने. गेल्या बैठकीत जे सांगितलं गेलं त्यात कुणाला काही चुकीचं वाटलं असेल, तर त्याने उभं राहून सांगायचं. ते त्या भाषणासमोरच्या उजव्या पानावर, सांगणाऱ्याच्या नावासकट लिहायचं. आणि डाव्या पानावरचं मूळ काही झालं तरी खोडायचं नाही. "खोडलं तर आपण काय चुकलो होतो हेच पुढच्याला कळणार नाही," ते म्हणायचे. मला खाडाखोड मुळीच खपत नसे, त्यामुळे नियमाचा हा भाग मला पसंत पडला. चूक तशीच उघडी ठेवायची हा भाग पचायला वेळ लागला.

आणि काय काय बोललं गेलं त्या अंगणात! एक सबंध रविवार नुसती शेतांची नावं झाली. कुठल्या शेताला 'बिलइया वाला', म्हणजे मांजरीचं, का म्हणतात आणि 'रूठनी' नावाच्या तुकड्यावरून कोण कुणाशी किती वर्षं बोलत नव्हतं. पोस्टमन होता, त्याने न पोचलेल्या पत्रांबद्दल सांगितलं. जुन्या सुईणीने कोण कुठल्या पुरात जन्मला ते सांगितलं, आणि त्यात रामजतन कागदावरच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा निघाला. पुढच्या महिन्यात बिचारा गंभीरपणे उठून म्हणाला, "भूल-सुधार। मेरी उमर।" वक्त्याने किती बोलायचं यालाही माप होतं. शाळेच्या झेंड्याच्या खांबाची सावली हातपंपाला टेकली की थांबायचं. शहरातून आलेले एक विद्वान सावली टेकून पुढे सरकली तरी बोलत राहिले, तेव्हा मागचा एक म्हातारा उठला आणि शांतपणे पंप हापसू लागला. खळखळाट इतका झाला की पाहुण्यांना बसावंच लागलं. भाऊजी त्यांना पुलापर्यंत सोडायला गेले आणि येताना एकटेच हसत आले.

बायका मात्र अंगणात बसत नसत. त्या शाळेच्या व्हरांड्यात, खांबांमागे बसत. भाऊजी दर वेळी त्यांच्याकडे पाहून हात जोडत, "आप लोग भी बोलिए," म्हणत, आणि पुढे जात.

आता विहिरीचं सांगते.

महुआतरच्या मधोमध एक जुनी विहीर आहे. तिच्या काठावर, पाणी ओढताना पाय ठेवायच्या जागी, एक दगड बसवलेला आहे. त्यावर तुटकी ओळ आहे. 'श्रीमंत' एवढं स्वच्छ वाचता येतं, पुढे दोन-तीन अक्षरं झिजलेली, आणि मग दगडच फुटलेला. अक्षरांचं वळण जुनं, आपलं. दुर्गाघाटाच्या माणसाला तसल्या वळणाची अक्षरं कुठेही ओळखू येतात, लहानपणापासून तो घाटांच्या पायऱ्यांवर तीच बघत आलेला असतो. भाऊजींनी हिशेब मांडला: मराठी यात्रेकरू काशी करून गयेला जात ते याच वाटेने, तेव्हा कुणा मराठी सरदाराने त्यांच्यासाठी ही विहीर बांधली असणार. राजा घाट, भोसले घाट बांधणारी माणसं, त्यांना एक विहीर काय जड होती? हे भाषण त्यांनी फार सुंदर केलं. मी ते उतरवून घेतलं तेव्हा माझंही मन भरून आलं होतं. परक्या मुलखात, उसाच्या शेतांमध्ये, अचानक आपलं कुणीतरी भेटावं तसं झालं. पुढे त्याची पुस्तिका निघाली. ग्रामपंचायतीने विहिरीवर निळा फलक लावला, 'मराठा कुआँ'. समोरचं उजवं पान वर्षानुवर्षं कोरं राहिलं.

मग एका हिवाळ्यात भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पहिल्यांदाच त्यांची बैठक चुकली. मी रामजतनबरोबर एकटी गेले. भूल-सुधार सुरू झाला आणि व्हरांड्यातून सुगनी चाची उठली. कुंभारवाड्यातली, सत्तरीच्या आसपासची, ठेंगणी बाई. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"मास्टर साहब नहीं हैं, लेकिन बोलना तो है," ती म्हणाली. "ऊ पत्थर कुएँ का नहीं है। नाव का है।"

"नाव का?" रामजतनने विचारलं. होडीचा दगड ही काय भानगड ते त्यालाही कळेना.

"हमरे ससुर के बाबू काशी के घाट पर घड़ा बेचते थे। नाव भर के जाती, खाली लौटती। खाली नाव डोलती है। तो घाट पर जो टूटा पत्थर मिला, वही लाद लेते थे। आधे गाँव की चौखट में काशी का पत्थर है, बाबू। और इसका जोड़ीदार हमरे घर में है। उसी पर रोज चटनी पिसाती है।"

हशा झाला. ती हसली नाही. विहीर कुणाची तेही तिने सांगितलं. बेलवा आजी नावाची तिच्या घराण्यातली एक विधवा होती. मडक्यांसाठी माती काढता काढता ती एकटीच खोल खणत गेली, लोक वेडी म्हणाले तरी खणत गेली, आणि पाणी लागलं. लग्नात बायका विहीर पुजायला जातात तेव्हा आधी तिचं नाव घेतात, मग घागर बुडवतात. "मरद लोग तब बाजे के पीछे नाचते रहते हैं, उनको क्या मालूम।"

"तो चाची, इतने साल बोलीं काहे नहीं?" कुणीतरी ओरडलं.

"पूछा कौन?"

बैठक संपल्यावर मी तिच्या घरी गेले. तिने पाटा उचलून उलटा केला. वरच्या बाजूला हळद-मिरचीचे डाग, खाली, मातीने माखलेली, त्याच वळणाची अक्षरं. शेवटचा शब्द स्वच्छ होता, 'घाट'. फुटलेली कडाही विहिरीवरच्या दगडाशी जुळणारी दिसत होती. मधे ज्याचं नाव होतं तेवढाच भाग नेमका विहिरीवरच्या दगडावर झिजून गेलेला. माझ्या मनात एक कणभरही शंका उरली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

येताना गाडीत रामजतन म्हणाला, "अम्माजी, अभी मत बताइए उनको। आँख का ऑपरेशन है।" मला तर तेच हवं होतं. घरी आले, रजिस्टर उघडलं, भाऊजींच्या त्या भाषणासमोरचं उजवं पान काढलं आणि माझ्या सुबक अक्षरात एक ओळ लिहिली: 'कुएँ पर चर्चा हुई।' सुगनी चाचीचं नाव लिहिलं नाही.

डोळा बरा झाला, तरी मी सांगितलं नाही. पुढे गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळींनी त्या विहिरीच्या संशोधनासाठी भाऊजींना शाल-श्रीफळ दिलं. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्यांचं मन मोडू नये म्हणून गप्प आहे असं मी स्वतःला समजावत होते. ते पूर्ण खरं नव्हतं. ती विहीर आपली असावी असं मलाही वाटत होतं. आणि कुंभारवाड्यातल्या एका बाईच्या पाट्यामुळे ती जावी, हेही मला आवडलं नव्हतं. सुगनी चाची मात्र दर बैठकीला येत राहिली. त्याच खांबापाशी बसत राहिली. भाऊजी हात जोडून पुढे जात राहिले.

गेल्या डिसेंबरात धुकं इतकं उतरलं की बैठक रद्द करावी लागली. रिकामा रविवार भाऊजींना सोसेना. त्यांनी मला सगळी रजिस्टरं घेऊन बोलावलं. दुपारी धुकं जरा विरळ झालं तेव्हा आम्ही दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर उन्हाच्या एका पट्ट्यात बसलो. ते फक्त उजवी पानं वाचत होते. मध्येच हसत होते. मग थांबले.

"वहिनी, हे काय? 'कुएँ पर चर्चा हुई।'"

"झाली होती ना चर्चा."

"कुणी केली?"

"सुगनी चाचीने."

"आणि म्हणाली काय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पाट्यासकट. भाऊजींनी चष्मा काढला. "चटणी वाटतात त्याच्यावर?" म्हणाले आणि हसत सुटले, ठसका लागेपर्यंत. खालच्या पायरीवर कपडे धुणारा माणूस वळून बघायला लागला. मग हसणं थांबलं, आणि त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"वहिनी, तुम्ही इतके पेपर तपासलेत. एखाद्या मुलीचं उत्तर बरोबर असून तिला कधी शून्य दिलंत?"

"नाही."

"इथे दिलंत."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिथेच पेन काढलं, आत्ता लिहिते म्हटलं. त्यांनी रजिस्टर मिटलं. "असं घरी बसून नाही लिहायचं. चूक माझी आहे, मी उभं राहून सांगणार, चाचीसमोर. मग तुम्ही लिहा. जानेवारीच्या बैठकीत."

त्यानंतर पंधरा दिवस त्यांचा फोन आला नाही. संक्रांतीला स्वतः आले, चार जिने चढून, दम खात. तिळाची वडी माझ्या हातावर ठेवली, पण दरवर्षीचं वाक्य म्हणाले नाहीत. "या वर्षी खरं बोलू या, वहिनी," एवढंच म्हणाले, आणि मग चहा मागितला, त्यात आलं कमी पडलं म्हणून कुरकुरही केली. तेव्हा माझ्या जिवात जीव आला. जाताना खिशातून एक कागद काढून वाचून दाखवला. रविवारी काय बोलायचं ते त्यांनी लिहून काढलं होतं. उभ्या आयुष्यात बोलण्याआधी लिहून काढणारा माणूस नव्हता तो. पाचच ओळी होत्या, आणि तिसऱ्या ओळीत 'सुगनी चाची' या नावाखाली दोनदा रेघ मारलेली होती.

रविवारच्या आधीच्या गुरुवारी ते गेले.

फेब्रुवारीच्या बैठकीत शोकसभा करायची असं रामजतनने ठरवलं होतं. फोटो होता, झेंडूचा हार होता. मी म्हटलं, आधी भूल-सुधार. "अम्माजी, आज के दिन?" तो म्हणाला. मी म्हटलं, आजच. आणि मी उठले. भाऊजींचा कागद त्यांच्या कोटाच्या खिशात सापडला होता, तो वाचला. मग म्हटलं, दुसरी चूक माझी आहे. चाचींनी खरं सांगितलं होतं, मी ते ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं, आणि लिहिलं नाही. रामजतनही उठला आणि खाली बघत म्हणाला, "मंत्री की भी लिखिए।"

सगळ्यांच्या माना व्हरांड्याकडे वळल्या. सुगनी चाची खांबाला धरून उठली. "मास्टर साहब की गलती छोटी थी, अम्माजी," ती म्हणाली. "उन्होंने पूछा नहीं था, बस। आप तो सुन के बैठी थीं।" मग म्हणाली, "अब लिखिए। हम खड़े हैं।" मी लिहीत होते तोवर ती खरंच उभी राहिली. मी पूर्ण पान लिहिलं. तिचं नाव, बेलवा आजीचं नाव, होडी, घडे, पाटा, सगळं. 'चर्चा हुई' ही माझी ओळ वर तशीच आहे. ती खोडली नाही.

पाटा समितीला द्यावा, आम्ही नवा आणून देतो, असं रामजतन म्हणाला. "काहे? जिसको देखना है, घर आए। पलट के दिखा देंगे," चाची म्हणाली. तो तिच्याच घरी आहे. विहिरीवर बेलवा आजीच्या नावाचा नवा फलक लागला आहे.

त्या दिवशी मग शोकसभेत मी भाऊजींबद्दल बोलले. हिरवी सायकल, सुतळी, मागे धावणारी पोरं, सगळं सांगितलं. ते आता समितीच्या रजिस्टरात डाव्या पानावर आहे. आता ते इतिवृत्त सुगनी चाचीची नात लिहिते. माझ्यापेक्षा चांगलं अक्षर असलेल्या त्या तिघांपैकी ती एक.

गेल्या रविवारी मार्चची बैठक झाली. भूल-सुधार सुरू झाला, आणि चाची पुन्हा उठली. या वेळी ती व्हरांड्यात नव्हती, अंगणात चटईवर बसली होती.

"अम्माजी ने कहा मास्टर साहब साइकिल पर आए थे। साइकिल नहीं थी। साइकिल नदी के पास पंचर हो गई थी, किसी दुकान पर छोड़ आए थे। पैदल आए थे। जूता हाथ में, घुटने तक कीचड़। लड़के दौड़े थे, वो सही है, लेकिन हँसते-हँसते दौड़े थे।"

अंगणात हशा उसळला. मीही हसले. आपल्या आईने हौसेने सांगितलेली सायकल त्या माणसाने आयुष्यभर मोडली नाही, शेजारी बसून ऐकत राहिला. उजवी पानं कोरी ठेवायला लावणारा माणूस!

पण चाची बसली नव्हती. "एक भूल हमारी भी है," ती म्हणाली. "हम बोले थे कि किसी ने पूछा नहीं। मास्टर साहब ने पूछा था। उसी दिन। पाँव धोने कुएँ पर आए। हम नई-नई ब्याह के आई थीं, पानी भर रही थीं। हमने पानी डाला। पी के बोले, बड़ा मीठा पानी है, किसका कुआँ है? हम घूँघट में थीं... क्या बोलतीं। घड़ा उठा के चली आईं।"

झेंड्याच्या खांबाची सावली अजून हातपंपापासून लांब होती. चाचीची नात मान खाली घालून लिहीत होती, आणि आजीने सांगितलेलं एकही अक्षर तिने गाळलं नाही. मी शेजारी बसून पाहत होते.

तन्मय, ओवी, या लेखात वरती जी हिरवी सायकल गावात शिरते, ती मी खोडलेली नाही. हेच सगळं उतरवून तुम्हाला टपालाने पाठवते आहे त्या वहीतही ती तशीच असेल, डाव्या पानावर. समोरच्या पानावर भाऊजी हातात बूट घेऊन विहिरीपाशी उभे आहेत, ओंजळीतलं पाणी प्यालेले, आणि घुंगटातल्या एका मुलीला विचारताहेत, विहीर कुणाची. त्याखाली बरीच जागा मोकळी आहे.